जंगलाच्या मातीतील पालाश कसा मोजावा, कसा वाचावा आणि कसा राखावा: खान्देशातील संरक्षित क्षेत्रांसाठी मार्गदर्शक

खान्देशातील केळी उत्पादकाला पालाशाचे, म्हणजे पोटॅशियमचे, महत्त्व सांगावे लागत नाही. प्रत्येक झाडाला २०० ग्रॅम पालाश ही शिफारस आणि दीड बाय दीड मीटर अंतरावरील लागवड धरली, तर हेक्टरी ४,४४४ झाडांना सुमारे ८९० किलो पालाश लागतो आणि तो बहुतांशी परदेशातून आलेल्या खतातून दिला जातो. याच रावेर, यावल आणि चोपडा तालुक्यांच्या उत्तरेला सातपुड्याच्या उतारावर अंजन, साग, सालई आणि धावड्याचे रान उभे आहे. त्याला कोणी खत देत नाही. त्या रानाचा पालाश खडकातून येतो, पानांत चढतो, पाचोळ्यातून आणि पावसाच्या थेंबांतून पुन्हा जमिनीत उतरतो, आणि या फेऱ्यात कोठे गळती लागली तर ती भरून काढणारे दुसरे काही नसते. म्हणूनच जंगलाच्या मातीतील पालाश मोजण्याची आणि वाचण्याची रीत शेतापेक्षा वेगळी असायला हवी, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. यावल आणि अनेर धरण अभयारण्य, तोरणमाळचा परिसर, गावोगावच्या देवराया आणि ग्रामसभांना सामूहिक वनहक्काने मिळालेली वने यांत काम करणारे विद्यार्थी, शिक्षक, वनसमित्यांचे सदस्य आणि जैवविविधता व्यवस्थापन समित्या यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

बेटांवरून मिळालेले धडे

या विषयाचे उत्तम ज्ञान उष्ण कटिबंधातील संरक्षित बेटांवरून आले आहे. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवल्यावर गातून जलाशय तयार झाला आणि त्यात एक मोठी टेकडी चहूबाजूंनी पाण्याने वेढली गेली. तेच बारो कोलोराडो बेट. सुमारे १,५०० हेक्टरांचे हे बेट १९२३ पासून संरक्षित आहे. तेथे ५० हेक्टरांच्या अखंड क्षेत्रातील प्रत्येक झाड नोंदवले आहे आणि त्याच क्षेत्राच्या मातीचे नकाशेही काढले आहेत. झाडांच्या जातींची वाटणी आणि मातीतील अन्नद्रव्ये यांची तुलना केल्यावर या बेटावर बोरॉन आणि पालाश यांचा संबंध विशेष ठळक दिसला. बेटासमोरच्या हिगांते द्वीपकल्पावर १९९८ पासून जंगलातील ठराविक चौकोनांना नत्र, स्फुरद आणि पालाश वेगवेगळे आणि एकत्र देऊन पाहिले जाते. पालाशाची मात्रा वर्षाला हेक्टरी केवळ ५० किलो आहे. तेवढ्यानेही बारीक मुळांचे प्रमाण घटले, रोपांनी मुळांपेक्षा उंचीवर अधिक जोर दिला, आणि नत्र व पालाश एकत्र मिळालेल्या भागांत लहान झाडांची वाढ वेगाने झाली. उष्ण कटिबंधातील जंगलात केवळ स्फुरदाची उणीव असते असे पूर्वी सरसकट मानले जाई. या प्रयोगाने त्या समजुतीला पालाशाची बाजू जोडली.

दुसरा धडा हवाई बेटांचा आहे. तेथे सुमारे ३०० वर्षांच्या कोवळ्या लाव्हापासून ४१ लाख वर्षांच्या जुन्या जमिनीपर्यंत बेटांची एक सलग साखळी अभ्यासाला मिळते. कोवळ्या जमिनीवर झाडांना पालाश खडकाच्या झिजेतून मिळतो, तर अतिजुन्या, पावसाने धुऊन निघालेल्या जमिनीवर खडकाचा साठा जवळजवळ संपलेला असतो आणि समुद्राच्या फवाऱ्यातून वाऱ्यावर येणारे क्षार हाच मुख्य पुरवठा उरतो.

हे दोन्ही निष्कर्ष जसेच्या तसे खान्देशावर लादता येत नाहीत. आपले रान पानझडीचे आहे, मैदानी भागातील पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही चार महिन्यांत पडतो, समुद्र दूर आहे आणि उतारावर धूप सतत नवा खडक उघडा पाडत असते. तरीही त्यांच्या अभ्यासाची पद्धत आपल्याला उपयोगी आहे, कारण आपली संरक्षित क्षेत्रेही शेती आणि पाण्याने वेढलेले तुकडे होत चालली आहेत. सरदार सरोवराच्या फुगवट्याने नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला टेकड्यांभोवती पाणी आणले आहे. पायथ्याच्या पट्ट्यात हेच काम कापूस आणि केळीची शेते करतात.

पहिली पायरी: प्रश्न आणि परवानगी

मातीत कुदळ घालण्यापूर्वी प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. "आमच्या जंगलात पालाश किती आहे?" हा प्रश्न पुरेसा नाही, कारण त्याच्या उत्तराने कोणताही निर्णय होत नाही. "दरवर्षी वणवा लागणाऱ्या उतारावर आणि दहा वर्षे वणवा न लागलेल्या उतारावर वरच्या थरातील पालाशात फरक आहे काय?" किंवा "देवराईच्या आतील आणि बाहेरील चराऊ रानातील साठ्यात किती तफावत आहे?" असा तुलनेचा प्रश्न घ्यावा. तुलनेत प्रयोगशाळेच्या पद्धतीतील त्रुटी दोन्ही बाजूंना सारख्याच राहतात, त्यामुळे निष्कर्ष अधिक भरवशाचा ठरतो.

अभयारण्यात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू असतो. मातीचा एक किलोचा नमुनाही लेखी परवानगीशिवाय उचलू नये. संबंधित वनविभागाच्या कार्यालयामार्फत अर्ज करावा आणि त्यात जागा, खोली, नमुन्यांची संख्या व वजन स्पष्ट लिहावे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या क्षेत्रात ग्रामसभेचा ठराव घ्यावा. देवराईत गावाच्या पुजाऱ्याला आणि ज्येष्ठांना आधी भेटावे, कारण काही ठिकाणी ठराविक झाडाखालची माती हलवणे श्रद्धेने वर्ज्य असते आणि ती मर्यादा पाळूनही उत्तम अभ्यास होतो. पावरा, भिल्ल किंवा तडवी पाड्यावरील जाणत्या माणसाला सुरुवातीपासून सोबत घेतले, तर कोणत्या उतारावर कोणत्या वर्षी आग लागली आणि मेंढ्या कोठे बसल्या, ही कोणत्याही नकाशात नसलेली माहिती हाती येते.

दुसरी पायरी: मातीत पालाश कोणकोणत्या रूपांत असतो

ही पायरी शिवारात करायची नसून समजून घ्यायची आहे, परंतु ती गाळल्यास पुढचे आकडे निरर्थक ठरतात. मातीतील एकूण पालाशापैकी साधारण ९० ते ९८ टक्के भाग खनिजांच्या रचनेतच अडकलेला असतो. काही टक्के भाग चिकणमातीच्या थरांमध्ये घट्ट धरलेला असतो. त्याला स्थिरीकृत पालाश म्हणतात. एक-दोन टक्के भाग चिकणमातीच्या कणांवर सैल बसलेला, म्हणजे विनिमयक्षम असतो आणि अगदी किंचित भाग मातीतील पाण्यात विरघळलेला असतो. कणगीतील धान्य, जात्यावर ठेवलेला घास आणि डब्यातील पीठ यांचा जो संबंध, तोच खनिज, स्थिरीकृत आणि विनिमयक्षम पालाशाचा आहे. माती परीक्षण अहवालातील 'उपलब्ध पालाश' म्हणजे केवळ पीठ होय. एका हंगामाच्या पिकाला ते कळणे पुरेसे असते. शंभर वर्षे उभ्या राहणाऱ्या अंजनाला घासाचा आणि धान्याचाही हिशेब लागतो.

खान्देशचा खडक बेसाल्ट आहे. ग्रॅनाइटमध्ये पालाश काही टक्के असतो, तर दख्खनच्या बेसाल्टमध्ये तो बहुधा एक टक्क्याहून कमी भरतो. तरीही तापीकाठच्या काळ्या मातीत उपलब्ध पालाश भरपूर आढळतो, कारण तिच्यातील फुगणारी चिकणमाती पालाशाचे कण मोठ्या प्रमाणात धरून ठेवते. डोंगरउतारावरील मुरमाड, बरड जमिनीत ही चिकणमाती कमी असते आणि थरही पातळ असतो. "आपल्याकडे पालाश मुबलक आहे" हे विधान म्हणूनच तळातल्या काळ्या रानापुरते खरे आहे. ते वरच्या जंगलाला लावणे चुकीचे आहे.

तिसरी पायरी: जागा ठरवणे

क्षेत्राचे प्रथम नैसर्गिक भाग पाडावेत: माथा, उतार, पायथा आणि नाल्याकाठ. मग प्रश्नानुसार प्रत्येक भागात तुलनेच्या दोन्ही बाजूंना किमान चार चौकोन आखावेत. चौकोन २० बाय २० मीटरचा असावा. त्याच्या आत ५ बाय ५ मीटरचा एक लहान चौकोन झुडपे व लहान झाडांसाठी आणि १ बाय १ मीटरचे चार चौकोन गवत व रोपांसाठी ठेवावेत. जागा निवडताना डोळ्यांना चांगली दिसणारी सावली शोधू नये. नकाशावर आधी बिंदू ठरवून तेथेच जावे. तुलना करायच्या दोन्ही बाजूंचा उतार, खडक आणि दिशा शक्य तितकी सारखी असावी, नाही तर दिसलेला फरक आगीचा की दक्षिण उताराच्या उन्हाचा, हे सांगता येणार नाही.

काही ठिकाणे कटाक्षाने टाळावीत. वारूळ, जुन्या चुलीची जागा, मेंढ्या-गुरे बसण्याची जागा, पायवाट, जळालेल्या ओंडक्याचा राखेचा पट्टा आणि बुंध्यापासून एक मीटरच्या आतील जमीन येथे पालाश असाधारण असतो. गुरांनी चाऱ्यातून घेतलेल्या पालाशाचा मोठा भाग मूत्रावाटे बाहेर पडतो, त्यामुळे मेंढवाड्याची जागा उठल्यानंतरही तेथील माती वेगळीच बोलते. बुंध्यालगत खोडावरून ओघळणारे पाणी पालाश आणते. मोहाच्या झाडाखाली फुले वेचण्यासाठी पाचोळा पेटवला जातो, म्हणून मोहाखालील नमुना घ्यायचाच असेल तर तो स्वतंत्र पिशवीत घेऊन स्वतंत्र तपासावा.

चौथी पायरी: नमुना घेणे

वर्षातून दोन वेळा योग्य आहेत: आखाजीनंतर आणि मृगाच्या सरींपूर्वी, आणि दिवाळीनंतर जमीन वाफशावर आल्यावर. यांपैकी एक निवडावी आणि पुढे दरवेळी तीच पाळावी. मे महिन्याचा आणि नोव्हेंबरचा आकडा एकमेकांशी ताडून पाहू नये, कारण पावसाळ्यात पाचोळ्यातील पालाश जमिनीत उतरलेला असतो आणि उन्हाळ्यात कडक वाळलेल्या चिकणमातीत काही पालाश सुटतो तर काही अडकतो.

शेतात ० ते १५ सेंटिमीटरचा एकच थर घेतात. जंगलात ० ते ५, ५ ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर असे तीन थर वेगळे घ्यावेत. प्रत्येक चौकोनात नागमोडी चालत १२ ते १५ ठिकाणे घ्यावीत. प्रत्येक ठिकाणी वरचा न कुजलेला पाचोळा हाताने अलगद बाजूला करावा. कुजलेला काळा थर खरवडून टाकू नये, कारण तो मातीचाच भाग आहे. मऊ जमिनीत गिरमिट चालते, मुरमात टिकावाने इंग्रजी 'व्ही' आकाराचा खड्डा करून एका बाजूने सारख्या जाडीचा काप घ्यावा. एका थराची सर्व माती प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळावी, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावेत आणि एक किलो माती उरेपर्यंत हे चालू ठेवावे. उरलेली माती त्याच खड्ड्यांत परत भरून पाचोळा पूर्ववत पसरावा.

पालाशाचा नमुना फार सहज बिघडतो. घामात पालाश असतो, विडीच्या राखेत तर तो भरपूर असतो. स्वच्छ हातमोजे वापरावेत, नमुना घेताना कोणी विडी ओढू नये आणि पोटॅशच्या किंवा मिश्र खताच्या रिकाम्या गोणीत माती कधीही भरू अथवा वाळवू नये. माती उन्हात न ठेवता सावलीत, चुलीच्या धुरापासून दूर, स्वच्छ प्लास्टिकच्या कागदावर वाळवावी, लाकडी दस्त्याने ढेकळे फोडावीत आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढावी. चाळणीवर राहिलेले खडे फेकू नयेत. त्यांचे वजन पुढच्या पायरीत लागते.

पाचवी पायरी: खड्ड्याचे आकारमान मोजणे

संपूर्ण अभ्यासात सर्वाधिक महत्त्वाची आणि सर्वाधिक दुर्लक्षित पायरी माझ्या मते हीच आहे. प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति किलो असा आकडा काढते आणि त्याला २.२४ ने गुणून हेक्टरी किलो छापते. या गुणकामागे असे गृहीत असते की एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये २२.४ लाख किलो बारीक माती आहे. नांगरलेल्या, खडे नसलेल्या शेतात ते चालते. सातपुड्याच्या खडकाळ उतारावर तेवढी माती मुळात नसतेच.

खरा हिशेब असा करावा. सपाट केलेल्या जागी २० बाय २० सेंटिमीटर आणि १५ सेंटिमीटर खोल असा खड्डा काळजीपूर्वक काढावा आणि निघालेली सर्व माती व खडे पिशवीत भरावेत. खड्ड्यात पातळ प्लास्टिक अंथरून काठापर्यंत मोजून पाणी ओतावे. जेवढे पाणी मावले तेवढे खड्ड्याचे आकारमान. नीट काढलेल्या खड्ड्यात ते ६ लिटरच्या आसपास भरते. माती वाळवून, चाळून, खडे वगळून केवळ बारीक मातीचे वजन करावे. समजा ती ५.०४ किलो भरली. ५.०४ भागिले ६ म्हणजे ०.८४ किलो प्रति लिटर. या संख्येला थराच्या सेंटिमीटरमधील जाडीने आणि ०.१ ने गुणावे: ०.८४ × १५ × ०.१ = १.२६. हा आपल्या उताराचा खरा गुणक झाला. प्रयोगशाळेचा निष्कर्ष ११० मिलिग्रॅम प्रति किलो असेल, तर छापील अहवालात हेक्टरी २४६ किलो दिसेल, प्रत्यक्षात जमिनीत सुमारे १३९ किलोच असेल. कागदावरचा जवळजवळ निम्मा पालाश अस्तित्वातच नाही. खडक १० सेंटिमीटरवर लागला तर जाडी १० धरावी, आणि पातळ थरांसाठीही हीच रीत वापरून प्रत्येक थराचा गुणक वेगळा काढावा.

सहावी पायरी: प्रयोगशाळा

जिल्ह्याच्या ठिकाणची शासकीय मृद चाचणी प्रयोगशाळा, पाल, ममुराबाद, धुळे किंवा कोळदा येथील कृषी विज्ञान केंद्रे, धुळ्याचे कृषी महाविद्यालय आणि जळगावचे विद्यापीठ यांपैकी जवळच्या ठिकाणी आधी चौकशी करावी. उपलब्ध पालाशासाठी सर्वमान्य पद्धत उदासीन अमोनियम ॲसिटेटची आहे: ५ ग्रॅम मातीत सामू (पीएच) ७ असलेले २५ मिलिलिटर द्रावण घालून पाच मिनिटे हलवतात, गाळतात आणि गाळलेल्या द्रावणातील पालाश फ्लेम फोटोमीटरवर मोजतात. यंत्राचा आकडा २२ भाग प्रति दशलक्ष आला, तर त्याला ५ ने गुणून मातीतील ११० मिलिग्रॅम प्रति किलो मिळतात.

अहवाल मागताना तीन गोष्टी लेखी सांगाव्यात. निष्कर्ष मिलिग्रॅम प्रति किलोमध्ये हवा. तो मूलद्रव्य पालाशाचा आहे की खताच्या गोणीवर लिहितात त्या ऑक्साइड रूपाचा, हे स्पष्ट हवे, मूलद्रव्याला १.२ ने गुणले की ऑक्साइडचा आकडा मिळतो. वरच्या उदाहरणातील २४६ हा आकडा ऑक्साइड रूपात २९६ होतो. मूलद्रव्याच्या प्रचलित वर्गवारीत हेक्टरी १०८ किलोपर्यंत कमी, २८० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे भरपूर मानतात. तेव्हा एकच माती एका आकड्याने मध्यम आणि दुसऱ्याने भरपूर ठरू शकते. तिसरी गोष्ट अशी की शक्य असल्यास उकळत्या नायट्रिक आम्लाने निघणारा पालाशही मोजून घ्यावा. त्यातून विनिमयक्षम भाग वजा केला की स्थिरीकृत साठ्याचा अंदाज येतो. सोबत सामू, सेंद्रिय कर्ब आणि विनिमयक्षम कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचीही तपासणी करावी. एकच नमुना दोन वेगळ्या क्रमांकांनी पाठवावा. दोन आकड्यांत दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर फेरतपासणी मागणे योग्य आहे.

सातवी पायरी: आकड्यांचा अर्थ

कमी, मध्यम, भरपूर ही वर्गवारी पिकांच्या उत्पादनावरून ठरली आहे. जंगलाला ती लावू नये. "कमी" पालाशाच्या बरड उतारावर सालई आणि अंजन पिढ्यान्‌पिढ्या निरोगी उभे असतात. तो त्यांचा आजार नसून त्यांचे घर आहे. जंगलासाठी मी पुढील तीन गोष्टी पाहण्याचा आग्रह धरतो.

पहिली म्हणजे थरांमधील उतरंड. झाडांची मुळे खालचा पालाश वर ओढतात आणि पाचोळ्यावाटे तो पृष्ठभागावर ठेवतात, त्यामुळे निरोगी जंगलात ० ते ५ सेंटिमीटरच्या थरातील प्रमाण १५ ते ३० सेंटिमीटरच्या थरापेक्षा स्पष्टपणे जास्त असते. ही उतरंड सपाट झाली असेल तर वरचा थर धुपला आहे किंवा पाचोळा सतत बाहेर जात आहे, अशी शंका घ्यावी. ती एकाएकी फार तीव्र झाली असेल तर अलीकडे आग लागून गेली आहे काय, हे विचारावे.

दुसरी गोष्ट विनिमयक्षम आणि स्थिरीकृत साठ्याची जोडी. विनिमयक्षम कमी आणि स्थिरीकृत भरपूर असेल, तर माती हळूहळू पुरवठा करू शकते आणि घाबरण्याचे कारण नाही. दोन्ही कमी असतील, तर ते क्षेत्र जवळजवळ पूर्णपणे पाचोळ्याच्या फेऱ्यावर जगत आहे आणि तेथून एक मोळीही विचारपूर्वकच बाहेर जावी.

तिसरी गोष्ट कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी असलेले प्रमाण. पायथ्याच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत या दोहोंचे प्राबल्य इतके असते की पालाशाचा आकडा चांगला असूनही मुळांना तो मिळणे अवघड जाते.

पानांवरून घाईने निदान करू नये. पालाश कमी पडला की झाड तो जुन्या पानांतून नव्या पानांकडे हलवते, म्हणून जुन्या पानांच्या कडा करपतात, हे खरे आहे. परंतु जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हानेही कडा तशाच करपतात.

आठवी पायरी: रानाची प्रकृती सोबत नोंदवणे

मातीचा आकडा एकटा काही सांगत नाही. त्याच चौकोनांत झाडांचा घेर छातीच्या उंचीवर, जातवार मोजावा. १ बाय १ मीटरच्या चौकोनांत अंजन, साग, चारोळी, टेंभुर्णी आणि धावड्याची किती रोपे पहिला उन्हाळा पार करून जगली, हे पाहावे. मोठी झाडे भरपूर आणि रोपे शून्य असणारे जंगल हिरवे दिसले तरी म्हातारे होत असते. पाचोळ्याची जाडी मोजपट्टीने, गवताचे आच्छादन अंदाजे टक्क्यांत आणि घाणेरीचा पसारा नकाशावर नोंदवावा. जमिनीत ठोकलेल्या पत्र्याच्या कड्यात एक लिटर पाणी ओतून ते किती वेळात मुरते, ही मोजणी कोणत्याही शाळेला करता येते.

नववी पायरी: पालाश कोठून निसटतो, ते शोधणे

पालाश वनस्पतीच्या कोणत्याही सेंद्रिय घटकात बांधलेला नसतो. तो पेशीरसात विरघळलेला राहतो. म्हणूनच नत्र आणि स्फुरद पाचोळा कुजेपर्यंत थांबतात, परंतु पालाश पहिल्या काही जोरदार पावसांतच पानांतून निघून जातो. पाचोळा जमिनीवर पसरलेला असेल आणि खाली जिवंत मुळे असतील तर तो तेथेच पकडला जातो. उघड्या उतारावर तो पाण्याबरोबर नाल्यात जातो.

वणव्याचा परिणाम येथे नीट समजून घ्यावा. पालाश हवेत उडून जाण्यासाठी सुमारे ७६० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते आणि पाचोळ्याची आग सहसा तेथवर पोहोचत नाही. उलट नत्र सुमारे २०० अंशांपासूनच उडू लागते. त्यामुळे आगीनंतर पालाश राखेत शिल्लक राहतो, मातीचा आकडा वाढतो आणि काहींना आग हितकारक वाटते. परंतु राखेतील पालाश पाण्यात लगेच विरघळतो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आग, मेमध्ये वाऱ्याने राख उडणे आणि जूनमध्ये उघड्या उतारावर मृगाची झड, या क्रमाने तो साठा पायथ्याला किंवा धरणाच्या गाळात जातो. आगीनंतर लगेच घेतलेला नमुना आणि त्याच जागेचा पावसाळ्यानंतरचा नमुना शेजारी ठेवला की हे दिसते. हंगाम एकच ठेवण्याच्या नियमाला एवढाच अपवाद करावा.

चराई आणि मोळीचा हिशेब साध्या गुणाकाराने करता येतो. हेक्टरी ४ टन कोरडा पाचोळा आणि त्यात अर्धा टक्का पालाश धरला तर तो २० किलो होतो. मघाच्या उदाहरणातील उतारावर १३९ किलो विनिमयक्षम पालाश होता. त्याच्या तुलनेत वर्षाला २० किलो बाहेर जाणे ही लहान गोष्ट नाही. दिवसभर रानात चरून रात्री गोठ्यात बसणारी गुरेही रानाचा पालाश गावात आणून सोडतात.

जलाशयाकाठी चित्र उलटे असते. अनेर धरणाच्या कडेला किंवा हतनूरच्या फुगवट्यात वरच्या शेतांतून आणि डोंगरातून आलेला गाळ साचतो, त्यामुळे तेथील वाढता पालाश हा वनसुधारणेचा पुरावा मानू नये.

दहावी पायरी: काय करावे आणि काय करू नये

संरक्षित जंगलात पालाशयुक्त खत टाकू नये, आकडा कितीही कमी असला तरी. पनामातील प्रयोग संशोधनासाठी मर्यादित चौकोनांत झाला आणि त्यानेच दाखवले की थोड्या मात्रेनेही मुळे आणि वाढ यांचा तोल बदलतो. कमी पालाशात जगणाऱ्या जातींचे स्थान खतामुळे वेगाने वाढणाऱ्या तणांकडे जाण्याचा धोका पत्करण्यासारखा नाही.

करण्यासारखी कामे फेरा टिकवण्याची आहेत. डिसेंबर-जानेवारीतच जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारे मोकळे पट्टे, काढाव्यात. मोहफुले वेचणाऱ्या कुटुंबांना आग न लावण्याचा केवळ आदेश देऊ नये. ती त्यांची वर्षाची मिळकत असते. झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या अंथरणे, अथवा पाचोळा झाडून थोडा दूर सरकवणे आणि फुले संपल्यावर परत पसरणे, हे पर्याय ग्रामसभेत त्यांच्यासोबत बसून ठरवावेत. पडलेल्या जाड ओंडक्यांना हात लावू नये. उतारावर दगडी बांध किंवा फांद्यांचे आडवे अडथळे घालून पहिल्या पावसाची राख आणि बारीक माती अडवावी. ज्या क्षेत्रात दोन्ही साठे कमी आढळले तेथे चराई पाळीपाळीने बंद ठेवावी आणि मोबदल्यात पायथ्याच्या पडीकावर चारा वाढवावा. केळीच्या पट्ट्यात घड काढल्यानंतरच्या खोडात पालाश भरपूर असतो. तो बांधावर न टाकता किंवा न जाळता शेतातच कुजवला, तर खताचा खर्च घटतो आणि गोठ्यासाठी जंगलातून पाचोळा आणण्याची गरजही कमी होते.

अकरावी पायरी: पुन्हा मोजणे

पाचोळ्याची जाडी, रोपे आणि आगीची नोंद दरवर्षी घ्यावी. मातीचा पालाश तीन ते पाच वर्षांनी, त्याच हंगामात, त्याच चौकोनांत मोजावा. दरवर्षी मोजल्यास पावसातील चढ-उतारच हाती येतात. चौकोनाचे कोपरे अक्षांश-रेखांशासह लोक जैवविविधता नोंदवहीत उतरवावेत आणि जागेवर दगडांची खूण ठेवावी. प्रत्येक नमुन्यातील २०० ग्रॅम चाळलेली कोरडी माती झाकण घट्ट बसणाऱ्या बरणीत, तारीख, थर आणि चौकोनाचा क्रमांक पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठीसह जपून ठेवावी, कारण पाच वर्षांत प्रयोगशाळा, यंत्र किंवा तपासणारी व्यक्ती बदलू शकते. पुढच्या वेळी नव्या नमुन्यांसोबत या जुन्या बरण्यांतील माती त्याच दिवशी, त्याच यंत्रावर तपासून घ्यावी आणि जुन्या अहवालाऐवजी या नव्याने काढलेल्या आकड्यांशीच तुलना करावी.